खोक्यात न मावलेला आवाज

धुळ्यात आमच्या गल्लीत ज्यांना लाउडस्पीकरवाला इसाक म्हणतात, ते आमचे हे. सत्तर सालच्या श्रावणात त्यांनी कानबाई देवीच्या मिरवणुकीसाठी माइकचं एक खोकं बनवलं. आत जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर. मोठं मशीन विजेशिवाय चालत नाही आणि मिरवणूक विसर्जनाला पांझरा नदीपर्यंत जाणार, म्हणून हे हातगाडीवर बॅटरीनं चालणारं. घरात बसून हळूच 'हॅलो, हॅलो' करून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. नवरा स्वतःवर खूश झाला की मी धास्तावते.

मला काळजी होती ती शेजारच्या केवळअक्कांची. कानबाईपुढचं पहिलं गाणं दरवर्षी त्यांचं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली. पण त्या उन्हाळ्यात टायफॉइडनं त्यांचा गळा गेला. आवाज इतका बारीक झाला की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येईना. यंदा मान सुनेनं घ्यावा, एवढं सांगून त्या मोकळ्या झाल्या आणि बोलणंच टाकलं. बोलती बाई अशी गप्प बसलेली मला बघवत नव्हती.

सोमवारी सकाळी कानबाई निघायच्या आधी सून वत्सला माइकपाशी आली. आमच्याकडे कानबाईची गाणी तीन गल्ल्या ओलांडतील अशीच म्हणायची असतात. वत्सलेनं माइक ओठांना लावला आणि तोच सूर काढला. भोंग्यातून मांजरपाट टराटरा फाडल्यासारखा आवाज आला. बाया कानांवर हात ठेवून हसायला लागल्या. यांचं तोंड एवढंसं झालं. आवाज मोठा अन् खोकं लहान, मग न मावलेला आवाज वरून कापला जातो, असं काहीबाही सांगू लागले. थोडा कापला तर तो जाड होऊन भरतो, फार कापला तर फाटतो, हे मात्र माझ्या डोक्यात बसलं.

मी माइक घेतला आणि ओट्यावर बसलेल्या अक्कांच्या हातात दिला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी हटले नाही. ओठांना लावा म्हटलं, आणि यांना बटण शेवटपर्यंत फिरवायला लावलं. खोकं जळेल म्हणून हे कुरकुरले. जळू दे म्हटलं.

अक्कांनी डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. मी त्यांना खेटून उभी होते, तरी ती मला त्यांच्या तोंडून ऐकू आली नाही, भोंग्यातून आली. जुना आवाज नव्हता तो. जाड होता, कडांना खरखरीत, रात्रभर गाऊन पहाटे व्हायचा तसा. पण भरलेला होता. बाया हसायच्या थांबल्या.

अक्का ओळ अर्धी टाकून भोंग्याकडे बघत राहिल्या.

"हाऊ आवाज मना शे?"

"तुमनाच शे, अक्का."

हातगाडी वत्सलेनंच पुढे ढकलली. अक्का मागून पांझरेपर्यंत गात गेल्या. मला रडू आवरत नव्हतं, आणि मी आवरलंही नाही.

संध्याकाळी हे तारांना डाग द्यायची कांडी तापवून बसले. खोक्यातली खोट काढतो म्हणाले. मी खोकं उचलून फळीवर ठेवलं आणि बजावलं, की हे अक्कांचं, वत्सलेसाठी दुसरं करा.

तेव्हा भिंतीपलीकडे अक्का सुनेला काहीतरी सुनावत होत्या. त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. वत्सलेचं "हाव आत्याबाई, हाव आत्याबाई" तेवढं येत होतं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.