सातवी ओळ

मित्रांनो, तुम्ही विमानात बसला असाल, तरी मला पाहिलेलं नसेल. मी वैमानिकांच्या खोलीत राहायचो. मी तपासणीचा एक जुना तक्ता आहे. वीतभर लांबीचा जाड कागद, त्यावर प्लास्टिक, आणि झिजलेले कोपरे. विमान जागचं हलण्याआधी काय काय पाहायचं, ते माझ्यावर बारा ओळींत छापलेलं आहे. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने नीट बघून उत्तर द्यायचं.

छापखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! लोक हात पुसून मला उचलायचे. पुढे मी सगळ्यांना तोंडपाठ झालो आणि तिथेच माझी किंमत उतरली. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, कोणी मला काचेला लावून ऊन अडवलं. तेही चाललं असतं. पण काही जण माझ्याकडे न बघताच मला घडाघडा म्हणू लागले, ते मात्र फार झोंबायचं.

त्या सकाळी आमच्या विमानाला अर्धा तास उशीर झाला होता. कप्तानांना सगळे ‘मास्तर’ म्हणायचे, कारण निम्म्या वैमानिकांना त्यांनीच शिकवलेलं. शेजारी नवी सहवैमानिक होती, तीही त्यांचीच विद्यार्थिनी. मी तिच्या मांडीवर होतो. ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं आणि तो निघून गेला.

पण खाली एक माणूस उरतो. तो पुढच्या चाकापाशी वाकून तिथे अडकवलेली खीळ काढतो, वैमानिकांशी बोलायच्या, कानावरच्या फोनची विमानाला जोडलेली वायर सोडवतो, बाजूला येतो आणि खिळीची लाल फीत उंच धरून दाखवतो. चाकापाशी असतो तोवर तो वरून दिसत नाही. माझी सातवी ओळ त्याचीच आहे. ‘खालचा माणूस बाजूला दिसला?’

सहावी ओळ झाली. सहवैमानिकेचा अंगठा सातवीवर टेकला होता. तेवढ्यात नियंत्रण कक्षाचा रेडिओ खरखरला. मार्ग बदललाय, लिहून घ्या, लवकर निघा, मागे दुसरं विमान थांबलंय. अंगठा उचलून तिने लिहून घेतलं. तो परत टेकला, तो आठवीवर.

सातवी राहिली, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे?

“सर, मध्येच तुटलं. पहिल्यापासून वाचू?”

“होतीस तिथून पुढे चल. आधीच उशीर झालाय.”

नियम पहिल्यापासून वाचण्याचा होता, आणि तो तिला मास्तरांनीच शिकवलेला. आठ, नऊ, दहा. उत्तरं फाडफाड येत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. बारावी ओळ संपली. मास्तरांनी ब्रेक सोडला. विमान हललं.

“सर, लाल फीत बघितलीत तुम्ही?”

“दाखवली असेल गं. चल.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांनाच अडवायचं? तिच्या तळहाताचा घाम माझ्यावर उतरला. मग तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबले आणि ती ओरडली, “थांबा!”

विमान गचका खाऊन थांबलं. फोनवर खालून धापा टाकत आवाज आला.

“साहेब... मी अजून इथेच आहे. चाकापाशी. खीळ निघत नव्हती.”

मास्तरांनी ब्रेक पुन्हा ओढून लावला. मग ते म्हणाले, “वाच. पहिल्या ओळीपासून.”

दुपारी परत आल्यावर त्यांनी आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून वरिष्ठांना कळवली. मग मला हातात घेऊनच ते खाली उतरले आणि त्या माणसासमोर हात जोडून उभे राहिले.

“चुकलं माझं. माफ करा.”

त्याने त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, “माफीचं राहू द्या, साहेब. बायको डबा देताना रोज विचारते, कधी येणार? मी म्हणतो, संध्याकाळी. तेवढं खरं होऊ द्या.”

आता मी शिकाऊ वैमानिकांच्या वर्गात असतो. मास्तर मला उंच धरून आपली चूक सांगतात. मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात असा एखादा तक्ता येईल. त्याचा कंटाळा आला तर खुशाल येऊ द्या, पण एकही ओळ गाळू नका. त्या ओळीपाशी कोणीतरी वाकून काम करत असतं, आणि त्याला घरी जायचं असतं.