चिठ्ठीची मागची बाजू

"ही ला फाल्दा कोण?" शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी काउंटरवर आपटली. "माझ्या स्कर्टला दुसऱ्याच कुणाचं नाव?"

मी चिठ्ठी उलटून पाहिली. पुढे आमच्या लाँड्रीचा नंबर आणि मागे इस्त्रीवाल्या काकांचं गोलगोल अक्षर. कपडा आत आला की नंबराची चिठ्ठी टाचायची, कपडा गिऱ्हाइकाच्या घरी जाताना काढायची, ही आमची रीत. काका काढायला विसरले होते.

"बाई, फाल्दा म्हणजे स्कर्टच. स्पॅनिशमध्ये," मी म्हणाले.

"कपडे धुता की शिकवण्या घेता?" म्हणत बाई गेल्या. पण मालकांनी ऐकलं होतं. या महिन्यातली ही तिसरी तक्रार. "यापुढे चिठ्ठीच्या मागे एक अक्षर दिसता कामा नये," ते म्हणाले.

काकांची मुलगी लग्न होऊन साता समुद्रापलीकडे गेलेली. नात पाच वर्षांची, तिला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. दर रविवारी फोनवर काकांचा चेहरा दिसला की ती सोफ्यामागे दडी मारते. म्हणून काका चिठ्ठ्यांच्या मागे कपड्यांची स्पॅनिश नावं लिहून पाठ करायचे.

"एकदा तिने आपणहून माझ्याशी बोलावं, बस. दुसरं काही मागणं नाही," काका मला म्हणाले होते.

"मग 'कशी आहेस' वगैरे शिका ना! कपड्यांचं काय घेऊन बसलात?"

"पोरी, या वयात डोक्यात राहतं होय काही? दिवसभर जे हातात असतं तेच पाठ होतं. आणि गंमत ऐक. तिकडे शर्ट ती आणि पँट तो! ती असेल तर ला, तो असेल तर एल."

"अरे देवा!"

"वर रंगानेही त्याप्रमाणे बदलायचं. लाल शर्ट असेल तर रोहा, लाल कोट असेल तर रोहो."

"आपणही काळा कोट, काळी पँट म्हणतोच की."

काका असे खूश झाले, जणू मी त्यांना पास केलं.

वाफ सोडली की आमची मागची खोली ढगात जायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझा डोळा लागायचा आणि त्या ढगातून काकांचा आवाज यायचा. एल आब्रीगो, कोट. ला बुफांदा, मफलर. ला कामिसा, शर्ट. अर्धवट झोपेत मला वाटायचं, हँगरवरचे कोट आपलं नाव ऐकून हळूच मान वळवतायत. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं तेव्हा.

त्या रविवारी दुकान बंद होतं. काकांनी मला फोन धरायला बोलावलं, कारण त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. पलीकडे सोफा, सोफ्यामागे एक वेणी.

काकांनी लाल शर्ट उंच धरला. "ला कामिसा रोहो!"

वेणी जरा हलली.

"रोहा!" सोफ्यामागून आवाज आला, चांगला खडसावून.

काकांनी कान पकडले. "रोहा, रोहा!" पोरगी खुदकन हसली आणि बाहेर आली. मग कोट झाला, मफलर झाला. काका दर वेळी चुकत होते आणि ती दर वेळी रागवत होती. लबाड म्हातारा! आदल्या दिवशी हेच सगळं त्यांनी मला बिनचूक म्हणून दाखवलं होतं.

मग ती आत पळाली आणि स्वतःचे कपडे आणू लागली. मोजे, टोपी, फ्रॉक. शेवटी एक एवढंसं पिवळं, विटलेलं, बंद लावलेलं काहीतरी. ते तिने छातीशी धरलं. बेंबीपर्यंतही पोचत नव्हतं.

काकांनी हातातला मफलर खाली ठेवला. काकूंनी ते दवाखान्याच्या खाटेवर बसून शिवलं होतं. पार्सल पोचलं, बाळही आलं, पण तोवर काकू गेल्या होत्या.

पोरीने काहीतरी विचारलं. मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, ती विचारतेय, ह्याला काय म्हणतात? मला इकडचा शब्दच सापडत नाही."

"झबलं," काका म्हणाले. "तुझ्या आजीने शिवलंय."

"एल? ला?" पोरीने विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. "ते. ते झबलं."

"ते जाब्ला."

"झबलं."

तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा अगदी नीट आलं. फोन बंद झाल्यावर काका बराच वेळ तो लाल शर्ट घडी करत बसले. मीही रडले, सांगायला लाज कसली.

सोमवारी मालकांनी सगळ्या चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. सगळ्या कोऱ्या. "आता कसं!" म्हणत ते आत गेले.

संध्याकाळी काका इस्त्रीचा गठ्ठा घेऊन काउंटरवर आले. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याच्या खिशाला एक चिठ्ठी टाचलेली होती.

"काका, ही काढायची राहिली," म्हणत मी हात पुढे केला.

त्यांनी चिठ्ठीवर तळहात ठेवला. "राहू दे गं. ही घरी जायची आहे."

हात बाजूला झाला तेव्हा मी वाचलं. वर नंबर नव्हता. गोलगोल अक्षरात एवढंच होतं: ते झबलं.