संडासातला कायदा

कामगारांचे हक्क सगळ्यांना दिसतील अशा जागी लावावेत असा नियम होता, आणि मालक नियमाला धरून चालणारा माणूस. परदेशातल्या धुलाईच्या त्या कारखान्यात कोणी जेवणाच्या खोलीत जाई, कोणी टेबलाशीच डबा उघडी. पण संडासात प्रत्येकाला जावंच लागतं. म्हणून मालकांनी हक्कांचं पोस्टर संडासात लावलं. फ्लशच्या टाकीच्याही वर, छताला खेटून.

"पाणी उडेल ना," ते म्हणाले. "हक्कांची काळजी घ्यावी लागते."

तिथवर नजर पोचणारी बाई एकच. तिला सगळे शिडी म्हणत. टाचा उचलल्या की तिला बारीक अक्षरंही दिसत, आणि मुलीचा अभ्यास घेता घेता तिला इथली भाषा वाचता येऊ लागली होती. मुलगी वरच्या वर्गात गेली की आईही जाई. अडचण एवढीच की आत जरा वेळ लागला की मालक स्वतः येऊन दार वाजवत. त्यामुळे एका खेपेला एकच कलम वाचून व्हायचं. पोट बिघडल्याशिवाय अख्खा कायदा कळणं शक्यच नव्हतं.

आणि शिडीला आता घाई होती. तिची भावजय त्याच टेबलावर हॉटेलांच्या चादरींना घड्या घालायची. तिला दिवस गेले होते. संध्याकाळी पाय असे सुजत की चपला हातात घेऊन घरी जावं लागे. मालक म्हणाले होते, "उभं राहता येत नसेल तर महिनाअखेरीपासून घरी बसा." बसायला वहिनीची ना नव्हती, पण घर कुठलं? नोकरी गेली की राहण्याचा परवाना जाणार, परवाना गेला की वहिनी मायदेशी जाणार, बाळ तिकडे, बाप इकडे. आणि बाप दोन्ही वेळ जेवायला बहिणीकडे, म्हणजे शिडीकडे. "तुम्हाला माझी नाही, त्याच्या जेवणाची धास्ती आहे," वहिनी म्हणे. शिडी नाही म्हणत नसे.

शेवटी एका दुपारी, दारावर मालकांच्या थापा पडत असताना, तिला ते कलम सापडलं. गरोदर बाईला त्या कारणावरून कामावरून काढता येणार नाही, आणि तिला बसून करायचं काम द्यावं लागेल.

टेबलाशी बोलायला बंदी होती. पण मोठ्या चादरीची घडी एकटीने पडत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, परत मागे जायचं. नाकाला नाक भिडलं की अर्धं वाक्य बोलून होई. उरलेलं पुढच्या घडीला. शिडीने बातमी समोरच्या रेडिओ मावशींना दिली, ही तिची चूक. रेडिओ मावशींच्या तोंडी पडलेली बातमी आणि इस्त्रीच्या रोलरमधून गेलेली चादर, दोन्ही ताणूनच बाहेर येतात.

चादरीमागून चादरी, कायदा शेवटच्या टेबलापर्यंत पोचला तेव्हा त्यात दुपारचा चहा होता, चहाबरोबर बिस्किटं होती आणि सासू राहायला आली तर भरपगारी रजा होती.

"मावशी, हे कुठे होतं त्यात?" शिडीने पुढच्या घडीला विचारलं.

"कायदा तोकडा होता गं. जरा खाली सोडला."

कुणीतरी मालकांकडे बिस्किटं मागितली आणि मालक धावत आले. "कोणी वाचलं?" सगळ्या माना शिडीकडे वळल्या. मालक तिला घेऊन थेट संडासात शिरले. ते ठेंगणे, त्यातून चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो अशी त्यांची समजूत. कमोडवर चढायला गेले, पण झाकण कुरकुरलं.

"तूच वाच. बिस्किटांचं आहे का?"

शिडीने टाचा उचलल्या. उत्तर द्यायच्या आत मालकच म्हणाले, "असणारच. सरकारला दुसरं सुचतंय काय! देऊ बिस्किटं. पुढे?"

शिडीने वहिनीचं कलम शब्दन् शब्द वाचलं. मालक खो खो हसले.

"उभं राहता येत नाही म्हणून खुर्ची द्यायची, आणि वर काढायचंही नाही? असा कायदा असतो का कुठे? हे तुझं पदरचं!"

"इथेच लिहिलंय, मालक."

"मग बिस्किटांसारखं खरं का वाटत नाही?"

शिडीला आठवलं. हा माणूस डॉक्टरशीही घासाघीस करायचा. सहा गोळ्या सांगितल्या तर चारावर आणायचा. तिने पुन्हा टाचा उचलल्या.

"अर्धंच वाचलं मी. पुढे आहे, त्या बाईला मालकांची खुर्ची द्यावी. मालकांनी उभं राहावं."

"मी? उभं?"

"बाळ होईपर्यंत."

"माझी खुर्ची मिळणार नाही! स्टूल देतो."

"पाठीला टेकू हवा म्हणतात."

"बरं, गोदामात एक खुर्ची पडलीय, ती घ्या. पण बाळंतपणानंतर नोकरीचं मी काही..."

"त्याखाली आहे, मालकांनी बाळाला रोज खेळवावं."

"नोकरी राहील!" मालक ओरडले. "राहील म्हटलं ना! खेळवणार मात्र नाही!"

"मग तेवढं लिहून द्या. सरकारने विचारलं तर खेळवण्याच्या बदल्यात दिलं असं दाखवता येईल."

मालकांनी तिथेच, भिंतीला कागद टेकवून, सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. बाहेर आले ते छाती काढून. "सरकारला कसं खाली आणायचं ते शिका माझ्याकडून," त्यांनी रेडिओ मावशींना सांगितलं, म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं.

गोदामातली खुर्ची आली. वहिनीला बसून घड्या घालायला टॉवेल मिळाले.

"म्हणजे हे त्यांना द्यायचंच होतं?" तिने हळूच विचारलं.

"द्यायचंच होतं."

"मग ते एवढे खूश का?"

"घासाघीस करून दिलं ना. सरळ दिलं असतं तर आठवडाभर जेवण गेलं नसतं."

वहिनीने पाठ टेकली, सुजलेले पाय पुढे पसरले आणि म्हणाली, "ताई, तो टॉवेलांचा ढीग जरा इकडे सरकवा. कायद्याने मला उठायला बंदी आहे."

"असं काही लिहिलेलं नाही तिथे," शिडी म्हणाली, आणि ढीग सरकवला.