नोएमीआधी गावी जाणारी निळी बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे. माझं एक चाक लंगडतं आणि मित्रांनो, लपवू कशाला, माझ्या अंगाला खारट चीजचा वास येतो. कितीही पुसा, जात नाही.

माझी मालकीण नोएमी मूळची एल साल्व्हादोरची. अमेरिकेत एका शाळेची झाडलोट करते. तिच्या देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा इथे आलेल्या तिच्या लोकांना तात्पुरतं राहायची मुभा मिळाली. दीड वर्ष, मग पुन्हा दीड वर्ष, असं करत बावीस वर्षं लोटली. राहा, राबा, पण परवानगीच्या कागदावाचून देशाबाहेर पाऊल टाकलं, तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. नोएमीची दोन मुलं इथे शाळेत. ती कसलं धाडस करते!

म्हणून जायचे ती मी. सामान पोचवणारी दोन्या मिर्तला दर दोन महिन्यांनी मला विमानाने नोएमीच्या गावी न्यायची. नोएमीची आई, निन्या तोमासा, माझ्यातले कपडे बाहेर काढायची, रिकाम्या पोटात उगाच हात फिरवायची. मग कोऱ्या कागदावर आपलं पाऊल ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ ओढायची आणि तो कागद चीजबरोबर माझ्यात भरायची. त्या मापाचे बूट पोरगी धाडायची. दरवेळी पाऊल आधीपेक्षा थोडं जास्त सुजलेलं असायचं. शेवटचं तर कागदावर मावलंच नाही.

ते बघून नोएमी खूप रडली आणि दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज केला. सात महिन्यांनी परवानगी आली. आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र निघालो.

दारात आई म्हणाली, "आलीस? मला वाटलं, याही वेळी बॅगच येतेय."

"अगं माय, मी आहे, मी!"

"दिसतंय गं. किती वाळलीस! चल, आधी जेव."

सोळा दिवस कसे सरले, कळलंच नाही. निघायच्या सकाळी परवानगीचा कागद गायब! नोएमीने उशी उसवली, मक्याचं पोतं उपसलं. "माय, कागद नसला तर मला पोरांकडे जाता येणार नाही गं! बघ ना जरा!"

आई जागची हलेना. चेन लागावी म्हणून ती माझ्यावर बसली होती आणि चेन लागून अर्धा तास झाला होता. मला सगळं ठाऊक होतं. कागद माझ्याच पोटात होता, चीजच्या खाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नोएमी मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. तेव्हा आई उठली. चेन उघडून तिने कागद काढला. त्यालाही चीजचा वास लागला होता.

"घे. बावीस वर्षं असल्या कागदांनी तुला तिकडे अडवलं. म्हटलं, एकदा मी अडवून बघते. नाही बाई जमत मला."

नोएमी रागावली नाही. तिने आईला पोटाशी धरलं. मग दोघी मिळून माझ्यावर बसल्या. चेन लागली. हॉर्न वाजत राहिला, तरी कुणी उठेना.

आता परत अमेरिकेत, मी नोएमीच्या पलंगाखाली असते. पुढची परवानगी कधी, कुणी सांगत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी बॅग भरून झाली आणि कुणी तिच्यावर बसलेलं असलं, तर चेन लागल्याबरोबर त्यांना उठवू नका. आम्हाला ओझं होत नाही.