सुकाणूवर काका

"काका, डावीकडे! डावीकडे खडक आहे, अहो डावी"

पडदा निळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली: आपला संपर्क तुटला आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

"पुन्हा म्हणजे किती वेळा?" संगणकाच्या पडद्यावर राखीव खेकसला. पडद्यानं त्याला तेच वाक्य परत दाखवलं.

राखीव हे काही त्याचं नाव नव्हतं. बसडेपोत तो राखीव ड्रायव्हर होता. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणी नुसताच उगवला नाही, की त्याची गाडी राखीवनं काढायची. तोवर बाकावर बसून राहायचं. नोकरीची सगळी वर्षं अशीच गेली. रोजचा, आपला म्हणावा असा मार्ग त्याला कधी मिळाला नाही. आता तर निवृत्तीही तोंडावर आली होती आणि पगाराच्या खिडकीतला माणूससुद्धा "या, राखीव" असंच म्हणायचा.

आज मात्र त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. संध्याकाळी सहाला सामना होता आणि कप्तानानं काल सगळ्यांना कळवून टाकलं होतं: उद्या सुकाणूवर काका.

काका म्हणजे तो.

खेळ तसा साधा. पूर आलेल्या नदीतून चौघांनी एक बोट शेवटच्या धक्क्याला न्यायची; सामन्यात इतर बोटींच्या आधी. चौघं आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून. दोघं वल्ही मारतात, एक जण सुकाणू धरतो आणि एक जण बोटीत शिरलेलं पाणी बादलीनं उपसतो. राखीवनं कितीतरी महिने पाणी उपसलं. रात्री सगळे गेल्यावर मात्र तो एकटाच थोडा वेळ सुकाणूचा सराव करायचा. मग त्याच्या नावापुढचे सुकाणूचे गुण हळूहळू वाढायला लागले. सकाळी डेपोत जाताना असायचे त्यापेक्षा संध्याकाळी जास्त दिसायचे. खेळ हिशेब उशिरा करत असेल, असं त्यानं धरून टाकलं होतं.

"मुरतंय," तो जेवताना बायकोला सांगायचा. "शेवटी हात ड्रायव्हरचा आहे."

बायको मान हलवून त्याच्या ताटात वाढायची.

तर आत्ता सामन्याआधीचा सराव चालला होता, सगळे जमले होते, आणि मध्येच हे निळं



"आलात का काका?" हा पोपट. पोपट वल्ही मारायचा, पण त्याचा निम्मा दम बोलण्यातच जायचा. "वायर काढून फुंकर मारा बरं एकदा."

"फुंकर मारायला ती काय बासरी आहे?"

"आमच्याकडे फुंकरीवरच चालतं सगळं. आमच्या साहेबांनाही"

"पोपट, वल्हं मार," कप्तान म्हणाली. कप्तान ही एक मुलगी होती. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना तोंड उघडायला सांगायची, त्यामुळे तिचा आवाज कायम समजूत घातल्यासारखा यायचा. "काका, पण मध्ये काय चालवलीत हो! खडक कसा टाळलात?"

राखीवनं समोर पाहिलं. खडक कुठेच नव्हते. बोट खडकांच्या पार पुढे, भोवऱ्याला वळसा घालून संथ पाण्यात आली होती. इथवर तो आजवर कधी आलाच नव्हता.

"मी नव्हतोच," तो म्हणाला. "माझं नेट गेलं होतं."

"मग कोण होतं, भूत?" पोपट म्हणाला. "तुम्ही गप्प असता ना काका, तेव्हाच बरं चालवता बघा."

राखीवनं सुकाणू जरासं वळवलं. बोट काठावर आपटली.

"घ्या! बोलले आणि आपटले."

"एक मिनिट. माझं म्हणणं असं आहे की मी"

निळा. यावेळी वाक्य वेगळं होतं: या खात्यावर दुसऱ्या यंत्रावरून खेळ सुरू झाला आहे.

त्यानं चष्मा पुसून ते परत वाचलं. दुसरं यंत्र? त्याच्याकडे हे एकच होतं, लग्न होऊन गेलेल्या मुलीनं मागे ठेवलेलं. म्हणजे चोर. त्याला आधी राग आला आणि मग, रागाच्या आतच कुठेतरी, थोडं बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ कुणी चोरावं असं काहीतरी होतं.

पण सामना सहाला होता. त्यानं परत आत जायचं बटण दाबलं. गेला. बोट परत भोवऱ्याच्या पलीकडे. "वा काका!" आपटली. "अरेरे काका!" निळा. परत दाबलं. गेला. आपट



"अगं," तो स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहून ओरडला, "तुझं नेट नीट चालतंय का?"

बायको दुपारी टॅबवर मालिका बघायची.

"कुठलं नीट!" आतून उत्तर आलं. "मघापासून नुसता जीव खाल्लाय मेल्यानं."

"कुणी?"

"कुणी नाही. तुम्ही तुमचं बघा."

त्यानं आपलं बघितलं. यंत्र बंद करून चालू केलं. राउटर बंद करून चालू केला. वायर काढली आणि, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, फुंकर मारली. शेवटी खेळाच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथे बराच वेळ एक सनई वाजली, मग एक पोरगेला आवाज आला.

"नमस्कार सर, आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण यंत्र बंद करून चालू केलंत का?"

"केलं."

"राउटर?"

"तोही केला. फुंकरसुद्धा मारली."

"पासवर्ड बदलून पाहिलात का, सर?"

"तो बायकोनं ठेवलाय, मला बारीक अक्षरं दिसत नाहीत. ते सोडा. माझ्या खात्यात चोर शिरलाय. सहाच्या आत त्याला बाहेर काढा."

परत सनई. मग तोच आवाज, पण जरा दबका. "सर, याच खात्याबद्दल माझ्या शेजारच्या टेबलावर आत्ता एक फोन चालू आहे. एक मॅडम आहेत."

"बाई आहे? सोडू नका तिला! बोलण्यात गुंतवून ठेवा."

"सर, त्याही हेच म्हणतायत. तुम्हाला गुंतवून ठेवा म्हणून."

"मला? अहो, खातं माझं आहे!"

"त्या म्हणतायत, चोराला सुकाणू धरायची अक्कल नाही. दरवेळी आयती आणलेली बोट आपटतो."

अक्कल हा शब्द राखीवला लागला.

"सर, आपण राउटर बंद करता का? त्यानंतरही त्यांचा खेळ चालू राहिला, तर त्या बाहेरच्या. मग आम्ही लगेच कारवाई करू."

राखीव खाली वाकला. गुडघे कुरकुरले. टेबलामागं हात घालून त्यानं प्लग ओढला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, गेलं की!"

"हो हो, मीच काढलाय, थांब जरा!" तो ओरडला, आणि मग फोनमध्ये म्हणाला, "काढला. काय झालं तिचं?"

पलीकडे दोन टेबलांत कुजबुज झाली. सनई लावायचंही राहिलं.

"सर," पोरगा म्हणाला, आणि आता तो आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होता, "त्या म्हणतायत, त्यांच्या मिस्टरांनी आत्ताच प्लग काढला."



दार उघडलं तेव्हा बायको ओट्याशी उभी होती. टॅब भिंतीला टेकवलेला, पडदा निळा. कानाला फोन. तिनं तो खाली केला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"मुलगी गेली तेव्हापासून. दुपारी जरा. तुम्ही डेपोत असता तेव्हा. आज तुम्ही एकदम सहालाच बसाल असं वाटलं मला."

"मग स्वतःचं खातं काढायचं!"

"नव्या माणसाला महिनोन्‌महिने पाणी उपसायला लावतात," ती म्हणाली. "घरातलं सगळं उरकून मला कुठला तेवढा वेळ?"

दुपारभर शिव्या द्यायला एक कंपनी होती, एक चोर होता. आता दोन्ही गेले होते आणि राग तेवढा शिल्लक होता. तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"म्हणजे ते गुण..."

"तुम्ही रोज जेवताना सांगायचात. एवढे खुशीत असायचात. मी मध्ये काय बोलणार होते?"

"सगळेच?"

"तुमचेही असतील की थोडे."

हे तिनं इतकं पटकन म्हटलं की त्याला उत्तर मिळालं.

ओट्यावरच्या फोनमधून बारीक आवाज येत होता, त्याच्या हातातल्या फोनमधूनही. "सर, आपली तक्रार बंद करू का?" "मॅडम, आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाचमध्ये सांगाल का?"

"ठेवा!" दोघंही एकदम ओरडले.



सहा वाजता प्लग जागेवर होता. राखीव खुर्चीत होता. हेडफोन कानावर.

"काका, सुधारलं का नेट?" कप्तान विचारत होती. "आज तुमच्या भरवशावर आहोत बरं."

पडद्यावर बोट धक्क्याला बांधलेली, बाकी तिघं आपापल्या जागी. सुकाणू मोकळं. तो त्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि दारापाशी गेला.

"ये."

"कुठे?"

"बस तिथे."

"अहो, तुमचा सामना आहे. त्यांनी तुम्हाला घेतलंय."

"ज्याला घेतलंय त्याला बसू दे," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढाच लागला. "लवकर. सुटतेय बोट."

ती पदर खोचून बसली. तो मागं वाकून उभा, हेडफोन अजून त्याच्याच डोक्यावर. तिनं कधी आवाज लावलाच नव्हता, त्याशिवाय खेळायची तिला सवय होती. बोट सुटली. "काका, डावीकडे खडक!" असं कानात आलं की तो म्हणायचा, "डावीकडे खडक म्हणतोय," आणि ती म्हणायची, "दिसतोय." भोवऱ्यापाशी त्यानं श्वास रोखला, तिनं नाही. एकदा त्याचा हात आपोआप पुढे गेला, तेव्हा तिनं कोपरानं तो बाजूला सारला. न बघताच.

पहिले आले नाहीत. दुसरे आले. पण कप्तानाची बोट आजवर कधी शेवटच्या धक्क्याला लागलीच नव्हती. कानात नुसता कल्ला झाला.

"काका!" पोपटाचा आवाज फाटला होता. "काय चालवलीत हो काका!"

"काका, आता सुकाणू तुमचंच," कप्तान म्हणाली. "कायमचं. ऐकताय ना? काका?"

राखीवनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हेडफोन काढले आणि तिच्या कानांवर बसवले. केस अडकले होते ते बोटानं मोकळे केले.

ती दचकली. एवढी माणसं एकदम कानात येतील असं तिला वाटलं नसावं. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग माईककडे तोंड नेऊन, ओळख नसलेल्या घरात शिरताना बोलतात तसं हळूच म्हणाली, "काका नाही. काकू बोलतेय."

पलीकडून काय आलं ते त्याला कळलं नाही. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती.

ती हसायला लागली. काहीतरी सांगायला लागली, हात हलवून, मान वळवून. हेडफोनची वायर आखूड होती. ती वळली की वायर टेबलाच्या कडेला अडकायची आणि तिच्या कानावरून हेडफोन ओढले जायचे. त्यानं वायर कडेवरून सोडवली आणि तिला हिसका बसू नये म्हणून थोडी सैल करून, हातात धरून, मागं उभा राहिला.