शिडाखालचा पाच

भिंगताईचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं होतं. नाणी तपासून घ्यायला पहिला आला तो ड्रिलने भोक पाडलेलं नाणं घेऊन. म्हणे टांकसाळीतूनच असं निघालं! दुसरीचं नाणं कपडे वाळवायच्या मशीनच्या पोटात अडकून कडेकडेने गुळगुळीत झालेलं, आणि बाईंचा हट्ट असा की ही दुर्मीळ चूक आहे. "अहो बाई, टांकसाळीची चूक नाणं घडताना होते. बाहेर पडल्यावर होते ती इजा." हे वाक्य रोज दहादा बोलून तिची जीभ झिजली होती. पण ऐकतंय कोण? ज्याला त्याला आपल्याच खिशात लॉटरी लागलेली हवी.

तिचं तपासणीचं टेबल घराच्या पुढच्या खोलीत होतं. मधे नुसता पडदा, आणि पडद्यामागे खिडकीपाशी तिचे वडील. ते एके काळी टांकसाळीत तपासनीस होते. ताजी नाणी पट्ट्यावरून सरकत यायची आणि खराब नाणं ते अचूक उचलून बाजूला टाकायचे. मग एक दिवस बाजारात एक सदोष नाणं सापडलं, पेपरात फोटो छापून आला आणि सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. नोकरी गेली. भिंगताई तेव्हा सोळा वर्षांची होती. वर्गातल्या पोरींनी चिडवून चिडवून तिला रडकुंडीला आणलं, आणि त्याचा राग तिने घरी येऊन बापावर काढला. भर जेवणात म्हणाली, "एक नाणं नीट बघता येऊ नये तुम्हाला?"

वडील भरल्या ताटावरून उठले.

पुढे तिने हाच धंदा धरला तोसुद्धा त्याच रागापायी. आपल्या नजरेतून एक नाणं सुटता कामा नये, बस्स. तिच्या अहवालावर दोन तपासनिसांच्या सह्या लागत. घरात बाप बसलेला असताना दुसरी सही तिने कायम कोपऱ्यावरच्या सोनाराकडून आणली.

तर त्या दुपारी एक संग्राहक आला. अंगठ्यांनी भरलेल्या हाताने त्याने मखमली डबी टेबलावर ठेवली. "ताई, तपासायची तशी गरज नाही. सगळ्यांना माहितीय हे. तुमचा कागद तेवढा हवा."

नाण्याच्या एका बाजूला जहाज होतं. दुसरीकडे पाचचा आकडा असायला हवा, तर तिथेही जहाजच, पण उलटं आणि आत खोल गेलेलं. असं क्वचित होतं. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच उलटा ठसा बसतो. खरी निघाली तर अशा चुकीवर संग्राहक जीव ओवाळून टाकतात.

"हे कात्रणही बघा," संग्राहक खुशीत आला. "ह्याच्यापायी एक तपासनीस घरी बसला, बोला! आंधळा होता की झोपला होता, देव जाणे. पण नाण्याला गोष्ट लागते हो. त्या बावळटामुळेच तर ह्याला भाव आहे."

पडद्यामागे खुर्ची करकरली. कात्रणावर तेव्हा पेपरात आलेला तोच फोटो होता, आणि समोरच्या नाण्याच्या शिडावर फोटोतलाच तिरका ओरखडा. भिंगताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला डबीसकट रस्त्यावर फेकावं असं तिला वाटलं. तरी दातओठ खात तिने भिंग उचललं.

आधी सरळ जहाज. शिड, दोर, डोलकाठी, सगळं चेपलेलं, इस्त्री फिरवल्यासारखं. इथेच ती चमकली, कारण टांकसाळीच्या अशा चुकीत ही बाजू ठसठशीत असते. मग तिने नाणं उलटं करून दिव्याखाली तिरकं धरलं. खोल गेलेल्या शिडाच्या खाली, पुसट, दबलेला, पण होता. पाचचा आकडा!

कोऱ्या चकतीवर पाच येईल कुठून? म्हणजे आकडा आधी उमटला होता. नाणं टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलं होतं, आणि नंतर कुण्या लबाडाने दुसऱ्या नाण्याला चिकटवून ते लोखंडी शिकंज्याच्या पकडीत आवळलं होतं. तिने तीनदा बघितलं. तिन्ही वेळा पाच होता.

"ही चूक नाही, इजा आहे," ती म्हणाली. "कुणीतरी शिकंज्यात दाबलंय."

"काहीतरीच काय! मग त्या माणसाला उगाच काढला का?"

"उगाचच काढला!" ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की टेबलावरचा चिमटा खाली पडला. "कुणी भिंग धरायची तसदी घेतली नाही. वरच्यांना कुणाचा तरी बळी द्यायचा होता, दिला! आणि तो बावळट माझा बाप आहे. आत बसलाय. आंधळा नाही आणि झोपलेलाही नाही."

संग्राहक डबीकडे हात नेणार तोच ती नाणं घेऊन पडद्याआड गेलीसुद्धा.

"बाबा, हे बघा."

वडिलांनी ते खिडकीकडे तिरकं धरलं. अंगठा एकदा पुढून फिरला, एकदा मागून. "शिकंजा," ते म्हणाले. "खाली पाच आहे."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"कसं असणार? मला फोटो दाखवला नुसता. नाणं मागितलं तर म्हणाले, पुराव्याला हात लावायचा नाही. मग मलाही वाटायला लागलं, सुटलं असेल आपल्या नजरेतून."

"मग घरात तरी बोलायचं होतं ना! इतकी वर्षं गप्प कसे बसलात?" तिचा आवाज अजून चढलेलाच होता.

"तू विचारलंस की. एक नाणं नीट बघता येऊ नये का, म्हणून. त्याला काय उत्तर देणार होतो?"

मघापासून टांकसाळीच्या साहेबांवर, संग्राहकावर, साऱ्या जगावर उसळणारा तिचा राग गर्रकन फिरून तिच्याच अंगावर आला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती बाहेर गेली, अहवालाचा कागद ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'टांकसाळीची चूक नाही. नंतरची इजा.' खाली सही ठोकली. मग कागद आणि पेन घेऊन पुन्हा आत आली.

"दुसऱ्या तपासनिसाची सही हवीय, बाबा."

वडिलांनी पेन घेतलं. सहीच्या जागेवर टेकवलं आणि परत उचललं.

"तुझं भिंग दे जरा," ते म्हणाले. "आधी नीट बघू दे."