नसलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव जड असले तरी माझे काम साधे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या ऊतीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप मी काढतो. ते काचेवर चिकटवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो आणि १९७२ साली सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात आलो. तिथे चन्नवीर सर आणि त्यांची विद्यार्थिनी दाक्षायणी शेळीच्या अंडाशयावर संशोधन करत. दाक्षायणी माझे पाते कातडी पट्ट्यावर घासून, तेलाचा हात फिरवून ठेवायची. "याच्याइतकं गुणी आमच्या घरात पण कुणी नाही," असे म्हणायची. मी फुलून जायचो.

एका खंडेनवमीला विभागातल्या हत्यारांची पूजा झाली. दाक्षायणीने माझ्या धारेवर ओले हळदकुंकू लावले. पूजेचे लगेच पुसू नये, म्हणून दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत ते तसेच राहिले. धार गंजली आणि तिला एक बारीक खाच पडली.

सुट्टीनंतरच्या प्रत्येक कापात एक सरळ रेघ उमटू लागली.

"दाक्षायणी, अंडाशयातला हा पडदा आजवर कुणी नोंदवलेलाच नाही की," सर हरखून म्हणाले.

शोधनिबंध लिहून झाला, एका नियतकालिकाने तो स्वीकारलाही. त्यावर दाक्षायणीचे नाव पहिल्यांदाच छापून येणार होते. पेढे वाटले, एक माझ्यापुढेही ठेवला. मला तो बघवेना. रेघ माझी होती, पण सांगायला मला तोंड कुठे होते?

मग छपाईआधी तपासायला प्रुफे आली. चित्र अधिक चांगले यावे म्हणून दाक्षायणीने ठोकळा आडवा फिरवून नवे काप काढले. पेशी फिरल्या, रेघ मात्र फिरली नाही. तिने पाते उजेडात धरले आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, तो पडदा नाही. मी लावलेल्या कुंकवाचा गंज आहे."

सरांनी प्रुफे हातात घेतली. "सगळ्यांनी पेढे खाल्लेत. आता निबंध परत मागायचा? लोक हसतील की."

"हसू देत, सर. उद्या कुणी हा पडदा शोधत बसलं तर?"

सरांनी मान खाली घातली आणि प्रुफांवर स्वतःच्या हाताने लिहिले, 'निबंध मागे घेत आहोत.'

पुढे कितीतरी महिने मी कापडाखाली होतो. माझ्याकडे बघायची त्यांना लाज वाटे, आणि मला त्यांच्याकडे.

मित्रांनो, यंत्राला मान द्यायचा तर ते कोरडे, स्वच्छ ठेवा. आणि नवे काही दिसून मन हरखले, तर आधी ठोकळा फिरवून पाहा. आम्हा यंत्रांना चूक कबूल करता येत नाही. ते तुम्हालाच करावे लागते.